स्क्रीनवर नसलेलं बटण

(दृश्य : काउंटरवरची स्क्रीन, कानाला फोन)

संध्याकाळ. हिशेब जुळवायचाय आणि रोकड कमी भरतेय. हेल्पलाइनवरून सांगतील तशा कळा दाबल्या जातात, आणि तूट डोळ्यांदेखत दुप्पट होते.

आयटीव्हीवर जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’ या ब्रिटिश मालिकेतला हा प्रसंग. बेतलाय एका खऱ्या सबपोस्टमास्तर (कंत्राटावर टपालशाखा चालवणाऱ्या) बाईंच्या अनुभवावर. तिखटमीठ लावायची गरजच नव्हती.

(दृश्य : नोटांची थैली, बारकोड, एंटरवरचं बोट)

ब्रिटनच्या टपालशाखांचा हिशेब ठेवणारी संगणक प्रणाली म्हणजे फुजित्सू कंपनीची ‘होरायझन’. तिच्यात दोष अनेक. त्यातला हा चटकन कळणारा. २०१५, स्कॉटलंडमधलं डाल्मेलिंग्टन. जोडशाखेसाठी (मुख्य शाखेनं दुसरीकडे चालवलेल्या छोट्या काउंटरसाठी) ८,००० पौंडांची थैली स्कॅन केली, पावती निघाली, पण स्क्रीन हलेना. अशा वेळी कुणीही पुन्हा एंटरच दाबणार. थैली चारदा जमा झाली. कागदावर ३२,०००, हातात ८,०००. तूट २४,०००!

(दृश्य : महिनाअखेरचा हिशेब, खाली सही)

खरी मेख इथे आहे. दर चार-पाच आठवड्यांनी हिशेब बंद करावा लागे. तो बंद झाल्याशिवाय पुढचा सुरू होत नसे. २००५ नंतर तूट बाजूला टाकून ठेवायचं स्थानिक खातंही गेलं. उरले दोन मार्ग : पदरचे पैसे भरा, नाहीतर रक्कम ‘केंद्राकडे वर्ग करा’, म्हणजे ती तुमच्या नावावर देणं म्हणून चढणार. ‘हा आकडा मला मान्य नाही’ असं बटणच नव्हतं. (नसलेलं बटण कॅमेऱ्याला कसं दिसणार?) मग कुणी रोकड बरोबर असल्याचं लिहून सही करी, सकाळी काउंटर उघडावं म्हणून. तीच सही पुढे कोर्टात खोट्या हिशेबाचा पुरावा ठरे.

करारात शब्द होते निष्काळजीपणामुळे किंवा चुकीमुळे आलेली तूट. पोस्ट ऑफिसनं त्याचा अर्थ लावला, कुठलीही तूट. त्यात इंग्लंडच्या कोर्टांत संगणक बरोबरच चालतो असं गृहीत धरलेलं. तो बिघडला होता हे दाखवायचं कुणी, तर ज्याच्या हाती त्याच्या नोंदीच नाहीत त्यानं.

(दृश्य : कोर्टाच्या पायऱ्या)

१९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जण दोषी ठरले. मालिकेनंतर, मे २०२४ मध्ये, संसदेनं कायदा करून शेकडो शिक्षा एका फटक्यात रद्द केल्या.