तक्रार कोणाची, वजन कुणाचं

नमस्कार श्रोतेहो.

लहानपणी वडिलांबरोबर मी मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला जायचो. एकदा एका अडत्यानं शेजारच्या अडत्याविरुद्ध वजनमाप खात्याकडं तक्रार केली. 'गिऱ्हाईक फोडायला केलंय,' सगळे म्हणाले. होतंही तसंच. पण निरीक्षकानं काट्याचं लोखंडी वजन उलटं केलं, तर तळाच्या भोकात जादा शिसं ओतलेलं आणि सरकारी शिक्का गायब. म्हणजे शेतकऱ्याचा गुळाचा रवा, म्हणजे ढेप, दर सौद्याला कमी भरत होता.

अमेरिकेत मायक्रोसॉफ्टवर भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्याबद्दल वाचताना मला ते वजन आठवतं. 18 मे 1998 ला सरकारनं आणि अनेक राज्यांनी तो दाखल केला. त्याच्या कितीतरी आधीपासून इंटरनेट बघायचा ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप या प्रतिस्पर्धी कंपनीचे वकील न्याय खात्याचे उंबरे झिजवत होते. ओरॅकल, सन मायक्रोसिस्टिम्स या दुसऱ्या प्रतिस्पर्धी कंपन्यांचीही साथ होती. सरकारचा पहिला साक्षीदार कोण, तर नेटस्केपचे प्रमुख जिम बार्क्सडेल! मायक्रोसॉफ्टनं साहजिकच ओरड केली, की बाजारात हरलेले आता सरकारच्या आडून लढतायत.

ही ओरड पोकळ नव्हती. 2000 साली उघड झालं, की ओरॅकलनं खासगी गुप्तहेर नेमले होते. मायक्रोसॉफ्टची बाजू घेणाऱ्या एका संघटनेचा कचरा मिळावा म्हणून सफाई कामगारांना पैसे देऊ केले गेले. मला हे किळसवाणं वाटतं.

तरीही कोर्टासमोर सगळ्यात बोलकी ठरली ती मायक्रोसॉफ्टचीच आतली ई-मेल्स. आणि संगणक बनवणाऱ्यांवर लादलेल्या अटी, की मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरचं चिन्ह पडद्यावरून काढायचं नाही. ती पत्रं काही नेटस्केपनं लिहिली नव्हती. मायक्रोसॉफ्टचे दोन तुकडे करण्याचा आदेश 2001 मध्ये अपील कोर्टानं रद्द केला, पण मक्तेदारी बेकायदा मार्गानं टिकवल्याचा ठपका कायम ठेवला.

तक्रारदाराचा स्वार्थ लपवू नये, हे माझं ठाम मत. कोण पैसे पुरवतोय ते लोकांना कळलंच पाहिजे. पण तेवढ्यावरून तक्रार फेकून दिली, तर वजन उलटं करून बघणार कोण?

आपल्याकडं 2022 साली स्पर्धा आयोगानं, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, अँड्रॉइड या फोनच्या प्रणालीच्या प्रकरणात गुगलला 1337.76 कोटींचा दंड ठोठावला. ते प्रकरण सुरू झालं अँड्रॉइड फोन वापरणाऱ्या साध्या ग्राहकांच्या अर्जावरून. कोल्हापुरात राजारामपुरीत, उद्यमनगरात तोच फोन खिशात घेऊन फिरणाऱ्या तुम्हा-आम्हालाही ठरलेली फी भरून असा अर्ज करता येतो.

नमस्कार.