अश्रूंची नवी वाट

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी पापणीच्या कोपऱ्यातील छिद्रात बोथट सुई घालून मिठाचे निर्जंतुक पाणी सोडतात. पाणी घशात उतरून खारट चव लागली, की डोळ्यातून नाकात जाणारी अश्रूंची वाट मोकळी आहे असे समजायचे. ते उलटून डोळ्यातूनच बाहेर आले आणि सोबत पूही आला, तर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते, कारण पुवातील जंतू डोळ्याच्या आत शिरले तर दृष्टीच जाण्याची भीती असते. नेत्रशिबिरातून ‘आधी नळीचे ऑपरेशन करा’ असे ऐकून परतलेल्या आजीबाईंना, आपण आलो कशासाठी आणि डॉक्टरांनी काढले काय, असा प्रश्न पडला तर नवल नाही.

अश्रूंची ही नळी कुठे असते, ते आता पाहू. वरच्या व खालच्या पापणीवर, नाकाकडील टोकाशी, एकेक बारीक छिद्र असते. तिथून अश्रू नाकाच्या मुळाशी असलेल्या अश्रुपिशवीत जमतात आणि पिशवीखालच्या, हाडात बसलेल्या नळीतून नाकात उतरतात. रडताना नाक वाहते ते यामुळेच. नळी बंद झाली, की डोळा पाझरू लागतो, पिशवीत साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि कधी कोपऱ्याशी लालबुंद, ठणकणारी गाठ येते. गाठ त्वचेतून फुटून वाहत राहिली, तर तिला नासूर म्हणतात.

तान्ह्या बाळांत बहुधा नळीच्या खालच्या तोंडावरचा पातळ पडदाच उघडायचा राहिलेला असतो. डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे कोपऱ्यावर बोटाने खाली दाबत मालिश केली, तर बहुतेक बाळांचा पडदा पहिल्या वर्षातच उघडतो. नाही उघडला, तर भूल देऊन बारीक सळईने तो भेदता येतो.

प्रौढांत मात्र सळईचा उपयोग फारसा टिकत नाही. दीर्घकाळच्या दाहाने नळी आतून आक्रसलेली असते. हा त्रास मध्यमवयीन व वृद्ध स्त्रियांत अधिक आढळतो. इटलीतील अद्देओ तोती यांनी १९०४ मध्ये मांडलेला विचार म्हणूनच मोलाचा ठरला: बंद नळीशी झगडत न बसता पिशवी आणि नाक यांमधील हाडात खिडकी पाडावी व अश्रूंना तिथूनच नाकात सोडावे. १९२०च्या सुमारास फ्रान्समधील द्युपुई-द्युताँ आणि बुर्गे यांनी पिशवीचे व नाकाचे अस्तर एकमेकांना शिवण्याची जोड दिली, त्यामुळे खिडकी बुजण्याचे प्रमाण घटले. ‘डीसीआर’ (डॅक्रिओसिस्टोरायनॉस्टॉमी) या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी शस्त्रक्रिया ती हीच.

चेहऱ्यावर बाहेरून छेद न घेता नाकातून आत जाण्याची कल्पना अमेरिकेतील कॉल्डवेल यांनी १८९३ मध्येच सुचवली होती, पण त्या अरुंद, रक्ताळलेल्या जागेत नीट दिसणेच कठीण होते. नाकात घालायच्या बारीक दुर्बिणी आल्यावर, विसाव्या शतकाच्या अखेरीस, ती वाट खऱ्या अर्थाने खुली झाली. तिच्यात चेहऱ्यावर व्रण राहत नाही. बाहेरून छेद घेण्याची जुनी पद्धतही अनुभवी हातांत उत्तम यश देते, त्यामुळे व्रण नको एवढ्याच कारणाने तिला कमी लेखू नये. अतिवृद्ध रुग्णांत कधी केवळ पिशवी काढून टाकतात. संसर्ग थांबतो, पाणी मात्र येत राहते.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवस नाक शिंकरण्यास मनाई असते. पुढे जखम भरल्यावर काही रुग्ण सांगतात, की नाक शिंकरले की डोळ्याच्या कोपऱ्यात हवा लागते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. नवी वाट मोकळी असल्याने नाकातील हवा तिच्यातून वर येते, एवढेच.