बॅरिअर किती सरकतो?

मंडळी, काम चालू असलेल्या रस्त्यावर काँक्रीट बॅरिअरची जी रांग दिसते, ती जमिनीत रोवलेली नसते, नुसती मांडलेली असते. गाडी जोरात आदळली की ती सरकणार, हे धरूनच तिचं डिझाइन होतं. म्हणून मी कुठल्याही साइटवर गेलो की आधी बॅरिअरच्या मागची जागा बघतो.

अमेरिकेत याच्या क्रॅश टेस्टसाठी 'मॅश' ही नियमावली आहे. 2009 साली आली, 2016 मध्ये सुधारली. तिच्या तिसऱ्या पातळीत 1100 किलोची छोटी कार आणि 2270 किलोचा पिकअप आदळवतात. वेग ताशी 100 किलोमीटर, कोन 25 अंश. जड गाडी बॅरिअरचा कस बघते. हलक्या गाडीत आतल्या माणसाला बसणारा हिसका आणि गाडी उलटण्याचा धोका कळतो. कोनाकडे लोक दुर्लक्ष करतात, पण बॅरिअरला सोसावा लागतो तो वेगाचा आडवा, म्हणजे थेट त्याच्या अंगावर येणारा भाग. पिकअपची ही आडवी ऊर्जा सुमारे 156 किलोजूल भरते. तोच कोन 15 अंश केला, तर जेमतेम 59.

धडकेचं चित्रण सावकाश लावून बघा. गाडीचा पुढचा कोपरा चेपतो, चाक पायथ्याच्या उतारावर चढतं, गाडी वळते आणि मागची बाजू येऊन आपटते. उतार फार उंच गेला तर हलकी गाडी चढत जाऊन उलटते. न्यू जर्सी नावाच्या बॅरिअरच्या आकारात तो जमिनीपासून 330 मिलिमीटरवर संपतो. एफ नावाच्या आकारात 255 वर आणला, तो यासाठीच.

पण खरी परीक्षा सांध्याची. दोन ब्लॉकांच्या टोकांच्या लोखंडी कड्या एकावर एक येतात आणि त्यांतून वरून पिन सोडतात. चाचणीत धडक मुद्दाम सांध्याच्या जरा अलीकडे देतात, कारण गाडी अडकण्याची आणि सांधा सुटण्याची भीती तिथेच जास्त. कड्यांत ढिलाई असेल तर ब्लॉक तेवढा मोकळा फिरतो आणि मगच शेजारच्याला ओढतो. म्हणून मांडतानाच ब्लॉक ताणून घ्यायचे. पिन नसलेला सांधा दिसला तर काम थांबवा, असंच मी म्हणेन.

3.8 मीटर लांबीचे असे पिनने जोडलेले ब्लॉक जमिनीला न बांधता ठेवले, तर पिकअपच्या धडकेने सुमारे 2 मीटर सरकलेले आहेत. या 2 मीटरांत आपण खडीचे ढीग टाकतो, जनरेटर ठेवतो, आणि दुपारी कामगार तिथेच बॅरिअरला पाठ टेकून बसतात! ही पट्टी नकाशावर दाखवा आणि जागेवर आखून मोकळी ठेवा. पुलाच्या कडेला एवढी जागा नसते, तिथे ब्लॉक स्लॅबला बोल्टने बांधतात. त्याची चाचणी मात्र वेगळी हवी. सरकणं अडलं की ब्लॉक मागे कलू शकतो, आणि कललेल्या ब्लॉकवर गाडी जास्त चढते.

आणखी एक. चाचणीत धडकेच्या दोन्ही बाजूंना लांब रांग असते, तिचं वजन आणि घर्षण मधल्या ब्लॉकांना धरून ठेवतं. खड्ड्यापुढे चारच ब्लॉक मांडले असतील, तर तो 2 मीटरचा आकडा त्यांना लावू नका. ते त्याहून कितीतरी जास्त सरकतील.