बाधलं म्हणजे नेमकं काय झालं?

नमस्कार श्रोतेहो.

'ऊन बाधलं.' 'विषबाधा झाली.' 'त्याला बाहेरची बाधा आहे.' पहिल्या वाक्यात त्रास आहे, दुसऱ्यात जिवाला धोका, आणि तिसऱ्यात कुणीतरी माणसाला धरलंय. शब्द मात्र एकच, बाधा.

मूळ संस्कृत धातू 'बाध्'. रेटणं, छळणं हा त्याचा अर्थ. पालीत 'आबाध' म्हणजे सरळ आजारपण. हिंदीत 'बाधा' म्हणजे मुख्यतः अडथळा. मराठीत तो अर्थ 'हक्काला बाध येत नाही' किंवा 'अबाधित' अशा कागदोपत्री भाषेत उरला, आणि बोलण्यात राहिली ती अंगाला भिडणारी पीडा.

'मला ऊन बाधलं' हे वाक्यच बघा ना. कर्ता ऊन! मी आपला 'मला' होऊन कोपऱ्यात. करणारा बाहेरचा, सोसणारे आपण. म्हणूनच 'भूतबाधा' हा शब्द जिभेवर इतका सहज बसला असावा.

फेफरं आलेल्या माणसाबद्दल हेच झालं. डोळे फिरले, हातपाय झटके देऊ लागले, की लोक म्हणणार, कुणीतरी धरलंय. प्रत्यक्षात मेंदूतल्या पेशींचे विद्युत संदेश काही काळ बेताल झालेले असतात. तिथे गरज डॉक्टरची. गंमत म्हणजे इंग्रजीत गेलेला 'एपिलेप्सी' हा शब्दही 'पकडणे' अशा अर्थाच्या ग्रीक क्रियापदापासून आलाय. आपल्या वैद्यांचा शब्द मात्र 'अपस्मार', म्हणजे स्मृती जाणं. कुणी धरलं याची चौकशी नाही, काय हरवलं तेवढंच सांगितलं. मला तो शब्द फार शहाणा वाटतो.

दर्शनशास्त्रात तर बाध उलट्या दिशेनं चालतो. अंधारात दोरी साप वाटली. दिवा आणला, दोरी दिसली, की साप 'बाधित' झाला. म्हणजे खोटा ठरला. इथे छळ झालाच तर भ्रमाचा!

आणि 2020 सालचे 'बाधित' आठवतात? रोज बातम्यांत त्यांचा आकडा यायचा. त्यात ताप नाही, खोकला नाही, अशी धडधाकट माणसंही असायची. फक्त चाचणीत विषाणू सापडलेला. मराठीत पहिल्यांदाच इतकी माणसं काहीही न बाधता बाधित झाली होती.