पारा कुठे टांगला होता?

(भुसावळ येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, मे महिन्याच्या अशा उकाड्यात तुम्ही घरचा कूलर सोडून इथे आलात, त्याबद्दल मनापासून आभार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘मोबाइल, नागरिक विज्ञान आणि आपलं शहर’. नागरिक विज्ञान म्हणजे तुमच्याआमच्यासारख्या सामान्य माणसांनी नोंदी ठेवून विज्ञानाला लावलेला हातभार. या विषयाकडे येतोच. पण आधी एक गोष्ट बोलू द्या, ती दर उन्हाळ्यात मला छळते.

एप्रिल सरत आला की प्रत्येक ग्रुपवर गाडीच्या डॅशबोर्डचा फोटो फिरतो. ‘४९ अंश! कसं ऊन शे भो!’ गाडी कुठे उभी होती, हे कोणी विचारत नाही. तापल्या डांबरावर उभ्या गाडीचा सेन्सर डांबराची आणि इंजिनाची धगही मोजतो. हवेचं तापमान हवं असेल तर तापमापक सावलीत हवा, वारा खेळता हवा आणि जमिनीपासून साधारण चार फुटांवर हवा. हवामान केंद्रात झडपांची पांढरी पेटी असते, ती याचसाठी. ती रचणारे थॉमस स्टीव्हन्सन पेशाने दीपस्तंभ बांधणारे अभियंते होते, हे मला फार आवडतं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? सांगतो. बांधकाम मजुरांच्या कामाच्या वेळा बदला, असं निवेदन घेऊन काही मंडळी एका कार्यालयात गेली होती. सोबत हाच फोटो जोडलेला. साहेबांनी तो पाहिला, म्हणाले, “हे गाडीचं तापमान आहे,” आणि अख्खं निवेदन बाजूला सारलं. माणसं खरोखर भाजत होती हो! मैदानी भागात पारा ४५ ला पोचला की हवामान खात्याच्या निकषानेच उष्णतेची लाट ठरते. आपल्याला ४९ ची गरज काय? फुगवलेला आकडा खऱ्या आकड्याची किंमत घालवतो.

याउलट आपल्याच गावातले रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका पाहा. उत्तरेकडच्या ओट्यावर, कडुनिंबाच्या सावलीत तापमापक टांगलेला. भिंतीला चिकटून नाही, मध्ये हात जाईल एवढं अंतर सोडून. दुपारी तीनला आणि पहाटे पाचला ते आकडा बघतात आणि कॅलेंडरच्या चौकोनात पेन्सिलने लिहितात. वरती दुपार, खाली पहाट. पाहुणे आले तरी चुकत नाही. एकदा पत्र्याच्या शेडमुळे जागा बदलावी लागली, तर त्या चौकोनात ‘जागा बदलली’ असंही लिहिलंय. मी याला विज्ञान म्हणतो.

पहाटेचा आकडा का? सिमेंट आणि डांबर दिवसभर ऊन पितात आणि रात्री ते सोडत राहतात. म्हणून शहर आणि शेत यांतला फरक रात्री जास्त दिसतो. हे नोंदींतून प्रथम दाखवलं ल्यूक हॉवर्डनी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, लंडनमध्ये. त्यांचा धंदा औषधी रसायनांचा, हवामान हा छंद. ढगांना आज आपण वापरतो ती लॅटिन नावं त्यांनीच १८०२ मध्ये सुचवली.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. तर मोबाइलकडे.

फोनवर दिसणारं तापमान फोनने मोजलेलं नसतं. ते हवामानाच्या संगणकी अंदाजातून येतं, तुमच्या गल्लीतून नाही. मात्र फोन बॅटरीचं तापमान मोजतो. एका फोनची बॅटरी काहीच सांगत नाही, पण २०१३ मध्ये संशोधकांनी असंख्य फोनच्या नोंदींची सरासरी घेऊन शहरांच्या हवेच्या तापमानाचा अंदाज बांधून दाखवला. संख्येचं बळ आहे ते.

हवेचं थोडक्यात. पीएम २.५ म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण; त्यांची आपली २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. स्वस्त सेन्सर लेझरने कण मोजतात. दमट हवेत कण फुगतात आणि आकडा चढतो, म्हणून पावसाळ्यातल्या नोंदी सांभाळून वाचा. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात जळगाव आहे, तेव्हा हा विषय आपल्या दाराशीच आहे. आवाजाचं, निवासी भागात दिवसा ५५, रात्री दहानंतर ४५ डेसिबल. डीजेसमोर अ‍ॅपवर दिसलेला आकडा पुरावा म्हणून टिकायचा नाही. पण रोज त्याच खिडकीतून, त्याच फोनवर घेतलेला आकडा कुठली रात्र वेगळी होती हे नक्की दाखवतो. पक्ष्यांचं तर हतनूर धरणावर पक्षी बघायला जाणाऱ्यांना सांगायलाच नको. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जागा, वेळ आणि कालावधी भरल्याशिवाय यादी पुरी होत नाही. तीच शिस्त मला तापमानाला हवी आहे.

दाराजवळच्या टेबलावर कागद ठेवलेत. रकाने चारच आहेत: जागा, वेळ, आकडा, तापमापक कुठे टांगलाय. प्रत्येक वॉर्डातून किमान एक घर मिळालं पाहिजे. स्टेशनपलीकडच्या वस्त्यांतून अजून कोणी नाव दिलेलं नाही, तिथली मंडळी आली असतील तर जाण्याआधी मला भेटा.