दुधाच्या कॅनमधलं रक्त

श्रोतेहो, नमस्कार.

हृदयाच्या औषधांची यादी मोठी आहे. जिभेखालची नायट्रोग्लिसरीनची गोळी रुग्णाला बसवून द्यायची, उभ्याने नाही, कारण रक्तदाब एकदम उतरतो. डिगॉक्सिनआधी छातीवर स्टेथोस्कोप लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. प्रौढ रुग्णाचे साठच्या खाली आले तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवायचं. वॉर्डातल्या सिस्टरना आणि घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांना हे पाठच असतं. म्हणून आज एकाच गोळीबद्दल बोलू या, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या वॉरफरिनबद्दल. ती समजायची तर सुरुवात गोठ्यापासून करावी लागते.

1933 चा फेब्रुवारी. अमेरिकेतलं विस्कॉन्सिन राज्य, शनिवारची दुपार, बाहेर हिमवादळ. एड कार्लसन नावाचा शेतकरी सुमारे 190 मैल ट्रक हाकत मॅडिसन शहरात पोहोचला. ट्रकमध्ये एक मेलेली कालवड, खराब झालेल्या स्वीट क्लोव्हर चाऱ्याची रास आणि दुधाचा एक कॅन. कॅनमध्ये दूध नव्हतं, रक्त होतं. न गोठलेलं रक्त. त्याची जनावरं एकामागून एक रक्तस्रावाने मरत होती. त्याला सरकारी पशुवैद्य हवा होता, पण ते कार्यालय बंद. उघडा दरवाजा सापडला तो कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेचा.

लिंक त्याला एवढंच सांगू शकले की हा चारा बंद करा आणि आजारी जनावरांना निरोगी जनावरांचं रक्त द्या. शेतकरी त्याच वादळात परत गेला. पण कॅन मागे राहिला होता. लिंक यांचा सहायक श्यॉफेल त्या रक्तात हात बुडवून, बोटं चोळून पुन्हा पुन्हा पाहत होता. एकही गुठळी नाही.

त्या चाऱ्यातला दोषी पदार्थ शुद्ध स्फटिकांच्या रूपात मिळायला 1939 उजाडलं. चाऱ्याला बुरशी लागली की त्यातल्या कुमारिनपासून डायकुमारॉल बनतं. त्याच्याच धर्तीवर केलेलं वॉरफरिन 1948 मध्ये आधी उंदीर मारायला बाजारात आलं. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांना कुमारिनचं शेपूट जोडून हे नाव झालं. आणि 1955 मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांना हेच औषध दिलं गेलं.

आता ती कालवड डोळ्यांपुढे ठेवा. चारा खाल्ला त्या दिवशी तिला काही झालं नाही, रक्त वाहू लागलं ते पुढे. असं का? डायकुमारॉलसारखंच वॉरफरिनही रक्तात आधीच फिरणाऱ्या, रक्त गोठवणाऱ्या घटकांना हात लावत नाही. ते यकृतात व्हिटॅमिन के अडवतं, म्हणून गोठण्याचे नवे घटक नीट तयार होत नाहीत. जुने संपेपर्यंत वाट पाहावी लागते, आणि त्यातला एक घटक, प्रोथ्रॉम्बिन, निम्मा व्हायलाच अडीच-तीन दिवस जातात. पुन्हा सांगते, आजच्या गोळीचा परिणाम आज दिसत नाही. म्हणून ताजी गुठळी असेल तर पहिले किमान पाच दिवस हेपारिन, म्हणजे लगेच काम करणारं इंजेक्शन, सोबत चालू ठेवतात. दुसऱ्या दिवशी आयएनआर, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं ते सांगणारा तपासणीतला आकडा, हलला नाही म्हणून डोस वाढवला, तर पाचव्या दिवशी तो भलताच वर गेलेला दिसतो.

‘रक्त पातळ करणारी गोळी’ हे नाव मला मुळीच आवडत नाही. रक्त पातळ होत नाही, उशिरा गोठतं. पातळ म्हटलं की रुग्णाला वाटतं अशक्तपणा येईल, आणि तो गुपचूप गोळी सोडतो.

गोळी संध्याकाळी, ठरलेल्या वेळी. सकाळी रक्त तपासलं की अहवाल दुपारपर्यंत येतो आणि त्याच दिवशीचा डोस बदलता येतो. देण्याआधी आयएनआर पाहा, आणि त्यावरची तारीखही पाहा. बहुतेकांसाठी तो 2 ते 3 हवा. मायट्रल जागी, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये, कृत्रिम धातूची झडप असेल तर 2.5 ते 3.5. चार्टवर डोस मिलिग्रॅममध्ये लिहा, ‘दीड गोळी’ असं नको, कारण गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात. आणि 2 च्या पुढे टिंब-शून्य कधीच लावू नका. टिंब पुसट झालं की 2 चे 20 होतात. हे सगळ्याच औषधांना लागू आहे, आणि तरीही ते टिंब रोज कुठेतरी पडतंच.

गोळी चुकली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्यायची. दुसऱ्या दिवशी आठवली तर दुप्पट घ्यायची नाही. दुप्पट नाही. फक्त नोंद करायची.

मेट्रोनिडाझोल, फ्लुकोनाझोल, कोट्रायमॉक्साझोल या जंतू-बुरशीवरच्या औषधांनी आयएनआर चढतो, क्षयरोगावरच्या रिफॅम्पिसिनने उतरतो. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं जास्त फसवी, कारण आयएनआर ठीक दिसतो आणि पोटात रक्तस्राव होतो. शौच डांबरासारखं काळं झालं का, लघवी लाल आहे का, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं का, हे नेमकं विचारा. हिरव्या पालेभाज्या बंद करायला सांगू नका. रोजचं प्रमाण सारखं ठेवायला सांगा. स्नायूत इंजेक्शन शक्यतो टाळा. गरोदर असण्याची शक्यता असेल तर गोळी देण्याआधीच डॉक्टरांशी बोला.

आणि रुग्ण डोक्यावर पडला तर जखम दिसत नसली तरी थेट रुग्णालयात न्या. व्हिटॅमिन के दिलं तरी यकृताला नवे घटक बनवायला तास लागतात. जोराचा रक्तस्राव असेल तर तयार घटक शिरेतूनच द्यावे लागतात, आणि ते घरी नसतात.

नमस्कार.