वरून फोन आला की

[काळा पडदा. स्केट्सखाली बर्फ खरवडल्याचा आवाज.]

२४ एप्रिल २००८. अमेरिकन हॉकी लीग, म्हणजे एएचएल. बाद फेरीचा सामना, ऑल्बनी रिव्हर रॅट्स विरुद्ध फिलाडेल्फिया फँटम्स. ही हॉकी आपल्या मैदानावरची नव्हे, बर्फावरची. चेंडूच्या जागी रबराची चकती, तिला म्हणतात पक.

एक तासाचा खेळ झाला, बरोबरी. वीस मिनिटांचा जादा वेळ दिला, बरोबरी. पुन्हा वीस. पुन्हा वीस. पुन्हा वीस. पाचव्यांदा जादा वेळ सुरू झाला, आणि १४२ मिनिटं ५८ सेकंद खेळून झाल्यावर फिलाडेल्फियाच्या रायन पोटुल्नीनं गोल मारला. ऑल्बनी २-३ हरलं.

हरलेल्या संघाच्या गोलरक्षकानं त्या रात्री ९८ फटके अडवले होते. एएचएलमध्ये एका सामन्यात इतके फटके दुसऱ्या कुणी अडवलेले नाहीत. त्याचं नाव मायकेल लेटन, वय २६. त्या मोसमातला लीगचा सर्वोत्तम गोलरक्षकही तोच ठरला होता.

आणि तरीही तो खालच्या लीगमध्येच होता.

[नकाशा: उत्तर अमेरिका. शहरांवर ठिपके उमटत जातात.]

ही उतरंड समजून घेऊ. सगळ्यात वर एनएचएल, म्हणजे नॅशनल हॉकी लीग, ३२ संघ. प्रत्येकाला जोडलेला एएचएलचा एक संघ, तेही ३२. त्याखाली ईसीएचएल. एनएचएलचा संघ आपल्याकडे २३ खेळाडू ठेवतो, आणि त्यांत गोलरक्षक बहुतेक वेळा दोनच असतात. म्हणजे सगळ्या जगातून ६४ जणांची सोय.

बाकीच्यांचं थोडं बरं असतं. चौथ्या फळीतल्या फॉरवर्डला सात-आठ मिनिटं खेळायला मिळतात, त्यात तो काहीतरी करून दाखवतो, पाय रोवतो. गोलरक्षकाला अशी सात मिनिटं कुणी देत नाही. वरच्या दोघांपैकी एक जखमी व्हावा लागतो, नाहीतर त्याचा खेळ तरी घसरावा लागतो. वरून फोन आला की आनंद होतोच, पण त्याच्या पाठोपाठ मनात प्रश्न येतो: कोण पडलं?

तिकडे संघासंघांतून फिरत राहणाऱ्या खेळाडूंना जर्नीमन म्हणतात. फॉरवर्ड माईक सिलिंजर एनएचएलच्या १२ वेगवेगळ्या संघांकडून खेळला. नऊ वेळा त्याची अदलाबदल झाली. पण सिलिंजर वरच राहिला, हजारावर सामने खेळला. आपला विषय आहे तो वर-खाली करणाऱ्यांचा.

अनुभवी खेळाडूला खाली पाठवायचं तर आधी त्याला वेव्हर्सवर टाकावं लागतं. यादी निघते, आणि पुढचे २४ तास बाकीच्या ३१ संघांपैकी कुणीही त्याला त्याच्या करारासकट उचलू शकतो. दोघातिघांनी मागणी केली, तर गुणतक्त्यात जो खाली त्याचा हक्क आधी. कुणीच विचारलं नाही, तर बॅग भरायची आणि निघायचं. या सगळ्यात खेळाडूला कुणी काही विचारत नाही. त्यानं फोन जवळ ठेवायचा, एवढंच.

२००६-०७ च्या मोसमात लेटनचा करार होता अ‍ॅनाहाइमशी. वेव्हर्सवरून त्याला नॅशव्हिलनं उचललं. तिथे एक सामना. मग फिलाडेल्फियानं उचललं, चार सामने. मग मॉन्ट्रियलनं, तिथे एकही नाही. एका हिवाळ्यात चार संघ आणि दोन देश.

[जवळून: गोलरक्षकाचे पायाचे पॅड. नारिंगी पट्टे. जर्सी मात्र लाल.]

गोलरक्षकाचे पॅड, ग्लव्ह्ज, हेल्मेट हे सगळं त्याच्या मापानं आणि संघाच्या रंगात बनवून घेतलेलं असतं. संघ एका रात्रीत बदलतो. पॅड काही रात्रीत तयार होत नाहीत. म्हणून नव्या संघात आलेला गोलरक्षक पहिले काही दिवस अंगावर नवी जर्सी आणि पायांवर जुन्या संघाचे रंग घेऊन उभा असतो. खेळ बघायला आलेल्या पोरालाही कळतं, हा आत्ताच कुठून तरी आलाय.

आता पैशांचं बघू. २०२५-२६ मध्ये एनएचएलचा किमान पगार वर्षाला ७ लाख ७५ हजार डॉलर. तो दिवसावर मोजतात. जितके दिवस वर, तितक्या दिवसांचा. मोसमाच्या दिवसांनी भागलं तर रोजचे चार हजार डॉलर पडतात. एएचएलमध्ये किमान पगार अख्ख्या मोसमाचा पन्नास हजारांच्या आसपास. म्हणजे वर पंधरवडा काढला की खालचं वर्ष निघालं. म्हणूनच दुहेरी करारातल्या, म्हणजे वरचा पगार वेगळा आणि खालचा वेगळा असलेल्या खेळाडूला आज आपण कुठल्या संघात आहोत याची इतकी काळजी. कधी कधी तर तो जागेवरून हलतही नसे. सामना नसलेल्या दिवसापुरतं संघ त्याला कागदोपत्री खाली पाठवायचे आणि दुसऱ्या दिवशी परत बोलवायचे. तो आपला घरी सोफ्यावर बसलेला, आणि पगार मात्र खाली जाऊन वर आलेला. खेळाडूंच्या संघटनेनं केलेल्या नव्या करारात या कागदी वाऱ्यांना चाप लावलाय. इतकी वर्षं हे चालू दिलं, याचंच नवल वाटतं.

उलटा प्रकारही घडलेला आहे. वेड रेडन या बचावपटूशी न्यूयॉर्क रेंजर्सनं २००८ मध्ये सहा वर्षांचा ३ कोटी ९० लाख डॉलरचा करार केला. खेळ घसरला, तेव्हा २०१० मध्ये त्याला हार्टफर्डला, एएचएलमध्ये पाठवून दिलं. दोन मोसम तो तिथे बसमधून फिरला, लाखो डॉलर घेत. खाली पाठवलेल्याचा पगार तेव्हा संघाच्या खर्चमर्यादेत धरत नसत. पुढे नियम बदलला.

बसचा विषय निघालाच आहे तर सांगतो. वरचे संघ स्वतःच्या खास विमानानं जातात. खालच्यांचा बराच प्रवास रस्त्यानं. शुक्रवार, शनिवार, रविवार असे लागोपाठ तीन दिवस तीन सामने, तेही कधी तीन गावांत. सामना संपवून ओल्या बॅगा बसच्या पोटात टाकायच्या आणि पहाटे दुसऱ्या गावात उतरायचं. अशा माणसानं घर कुठे भाड्यानं घ्यायचं? वर बोलावणं आलं की सुरुवातीचे काही आठवडे संघ हॉटेलात ठेवतो. जो तो वाट बघत असतो मॅनेजरच्या एका वाक्याची: "आता घर बघ." ते ऐकलं, की बायकोला फोन.

लेटनच्या वाट्याला ते वाक्य यायचं होतं, पण फार थोड्या दिवसांसाठी.

[दृश्य: फेनवे पार्क, बॉस्टन. बेसबॉलच्या मैदानावर बर्फाची रिंक.]

डिसेंबर २००९. कॅरोलायना हरिकेन्सनं लेटनला वेव्हर्सवर टाकलं. फिलाडेल्फिया फ्लायर्सचा गोलरक्षक रे एमरी जखमी होता, म्हणून त्यांनी लेटनला उचललं. महिना संपायच्या आत तो संघाचा मुख्य गोलरक्षक झाला होता, आणि १ जानेवारी २०१० ला फेनवे पार्कवर, उघड्या आभाळाखाली भरलेल्या विंटर क्लासिकमध्ये तोच गोलमध्ये उभा होता. मार्चमध्ये घोटा दुखावला. जागा ब्रायन बुशेकडे गेली.

मे महिन्यात बाद फेऱ्या. प्रत्येक फेरी म्हणजे एक मालिका, सातांतले चार सामने जिंकायचे. दुसऱ्या फेरीत बॉस्टननं पहिले तिन्ही सामने जिंकले. फ्लायर्सनं चौथा जिंकला. पाचव्यात बुशेचे गुडघे गेले, आणि लेटन, जो नुकताच बरा होऊन बाकावर बसला होता, तो उठला. फ्लायर्सनं तो सामना जिंकला, सहावा जिंकला, आणि सातव्यात ०-३ मागे असताना ४-३ नं जिंकून दाखवलं. ०-३ अशा पिछाडीवरून मालिका जिंकणारा एनएचएलच्या इतिहासातला तो फक्त तिसरा संघ.

पुढची फेरी मॉन्ट्रियलशी. ज्यांनी त्याला एकही सामना खेळवला नव्हता, तेच. पाच सामन्यांच्या त्या मालिकेत लेटननं तीनदा त्यांना एकही गोल करू दिला नाही. यावर निवेदकानं काही बोलायची गरज नाही.

अंतिम फेरीत समोर शिकागो ब्लॅकहॉक्स. १९९९ मध्ये लेटनला निवडलं होतं ते याच संघानं, ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडण्याच्या, सहाव्या फेरीत. ही मालिका त्याला जड गेली. दोन सामन्यांत प्रशिक्षकानं त्याला अर्ध्यातून बाहेर काढलं. ९ जून, सहावा सामना, फिलाडेल्फिया. जेमतेम चार मिनिटं उरलेली असताना फ्लायर्सनं ३-३ अशी बरोबरी केली. जादा वेळेच्या चौथ्या मिनिटानंतर पॅट्रिक केननं अगदी अवघड कोनातून, गोलरेषेजवळून पक मारला. तो लेटनच्या खालून आत गेला आणि जाळीच्या तळाशी असलेल्या पॅडिंगखाली अडकला. कुणालाच काही दिसलं नाही. केन एकटा हात उंचावून पलीकडच्या टोकाला पळत सुटला. बाकीचे क्षणभर तसेच उभे. १९६१ नंतर पहिल्यांदा शिकागोनं स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला. तो पक त्या गोंधळात गायब झाला. त्याचा छडा लावणाऱ्याला ५० हजार डॉलरचं बक्षीस लावलं होतं. एवढी रक्कम, त्या एका चकतीसाठी.

त्या उन्हाळ्यात फ्लायर्सनं लेटनशी दोन वर्षांचा करार केला, ३१ लाख डॉलरचा. मग पाठीचं ऑपरेशन झालं. तोवर सर्गेई बोब्रोव्स्की नावाचा तरणाबांड रशियन गोलरक्षक जागेवर पक्का बसला. जानेवारी २०११ मध्ये लेटन पुन्हा वेव्हर्सवर. या वेळी एकाही संघानं विचारलं नाही. त्याला पाठवलं फ्लायर्सच्या खालच्या संघाकडे. तो संघ म्हणजे फँटम्स. ९८ फटके अडवूनही ज्यांनी त्याला हरवलं होतं तेच, फक्त आता मुक्काम फिलाडेल्फियाहून ग्लेन्स फॉल्सला हललेला.

[जुने कृष्णधवल फोटो: गोलरक्षक, तोंडावर मास्क नाही.]

खेळ कमी पडला म्हणून असं होतं, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी जॉनी बोवर आठवावा. १९६७ पर्यंत एनएचएलमध्ये सहाच संघ होते, आणि प्रत्येकाचा मुख्य गोलरक्षक एक. ६४ नव्हे, सहा जागा! बोवर १९४५ पासून क्लीव्हलंडला, एएचएलमध्ये खेळत होता. १९५३-५४ मध्ये रेंजर्सनं वर घेतलं, मोसमातले सत्तरच्या सत्तर सामने तो खेळला, आणि पुढच्या वर्षी परत खाली धाडला. टोरंटोनं त्याला १९५८ मध्ये आणलं तेव्हा तो ३३ वर्षांचा होता, ज्या वयात बाकीचे निवृत्तीच्या गोष्टी करतात. नंतर त्यानं चार स्टॅन्ली कप जिंकले. क्लीव्हलंडमधला बोवर आणि टोरंटोतला बोवर यांत फरक काय होता? माझ्या मते जागेचा, दुसरा नाही.

एएचएलमध्ये गोल न देता संपवलेल्या सामन्यांचा विक्रम बोवरचा होता: ४५. कित्येक दशकं तो टिकला. तो मोडला लेटननं, आणि आपला आकडा ५० पर्यंत नेला. या विक्रमाची गंमत अशी, की जो चांगला खेळतो पण वर टिकत नाही, त्यालाच तो करता येतो.

[दृश्य: नॅशव्हिल, जानेवारी २०१६. प्रेक्षकांचा गजर.]

एकदा मात्र प्रेक्षकांनीच हे गणित उलटं केलं. जॉन स्कॉट, उंची सहा फूट आठ इंच, काम मुख्यतः मारामारीचं. मेकॅनिकल इंजिनिअर. अख्ख्या एनएचएल कारकिर्दीत पाच गोल. २०१६ च्या ऑल-स्टार सामन्यासाठी, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्यासाठी, चाहत्यांनी थट्टेथट्टेत त्याला मतं देऊन कर्णधार केलं. लीगला ते रुचलं नाही. त्यानं माघार घ्यावी म्हणून गळ घालून झाली. मग जानेवारीच्या मध्यात अ‍ॅरिझोनानं त्याला मॉन्ट्रियलला देऊन टाकलं, आणि मॉन्ट्रियलनं थेट न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सला, एएचएलमध्ये. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातून अटलांटिकच्या काठावर. बायकोला जुळी व्हायची होती, दिवस भरत आलेले. ओरड इतकी झाली की लीगला त्याला खेळू द्यावंच लागलं. त्यानं दोन गोल केले, सर्वोत्तम खेळाडू ठरला, सहकाऱ्यांनी खांद्यावर घेतलं. त्यानंतर मॉन्ट्रियलसाठी एक सामना, आणि कारकीर्द संपली.

लेटनची चालूच होती. २०१३-१४ मध्ये तो युक्रेनमधल्या डोनेत्स्कला, डॉनबास संघाकडून केएचएल, म्हणजे रशिया आणि आसपासच्या देशांतली लीग, खेळायला गेला. त्या वसंतात तिथली परिस्थिती चिघळली आणि डॉनबासला घरचे बाद फेरीचे सामने स्लोव्हाकियात, ब्रातिस्लाव्हात खेळावे लागले. परत आला तो शिकागोच्या खालच्या संघात, रॉकफर्डला. २०१७-१८ मध्ये, वय ३६, एका मोसमात सिरॅक्यूज, टुसॉन आणि विल्क्स-बॅरे: बर्फाचं गाव, निवडुंगाचं गाव, कोळशाचं गाव. २०१९ पर्यंत तो खेळत राहिला.

आता २०२६-२७ पासून एनएचएलच्या प्रत्येक संघासोबत एक पूर्णवेळ आपत्कालीन गोलरक्षक फिरणार आहे. आजवर ते काम स्थानिक हौशी माणसाकडे असायचं. २२ फेब्रुवारी २०२० ला टोरंटोत कॅरोलायनाचे दोन्ही गोलरक्षक जखमी झाले, तेव्हा ४२ वर्षांचा डेव्हिड एअर्स आत उतरला. बर्फ गुळगुळीत करणारी गाडी चालवलेला माणूस, आईनं दिलेल्या मूत्रपिंडावर जगणारा. पहिले दोन्ही फटके गोल झाले. पुढचे आठ त्यानं अडवले आणि कॅरोलायना ६-३ जिंकलं. यापुढे हे काम पगारी. संघाबरोबर प्रवास करायचा, सरावात फटके झेलायचे, सामन्याला तयार राहायचं. खेळायला मिळणार ते वरचे दोघंही एकाच रात्री पडले तर.